दुधाची मक्तेदारी मोडणारे त्रिभुवनदास पटेल

अमूल म्हटलं की डॉ. वर्गीस कुरियन यांचं नाव पटकन तोंडात येतं. त्यात चूक काही नाही. पण कुरियन १९४९ साली आणंदला आले, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांचा दूध संघ नोंदणी होऊन अडीच वर्षांचा होत आला होता. तो गावोगाव फिरून उभा करणारा माणूस वेगळा होता. त्यांचं नाव त्रिभुवनदास किशीभाई पटेल. गुजरातेत त्यांना त्रिभुवनकाका म्हणतात. २०२५ मध्ये संसदेने कायदा करून आणंदला सहकार विद्यापीठ स्थापन केले आणि त्याला त्रिभुवन हे नाव दिले. आपल्याकडच्या बऱ्याच दूध उत्पादकांनी हे नाव तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं असेल.

त्यांचं आयुष्य आज आठवायचं कारण साधं आहे. दुधाचा दर पडला, कांद्याचा पडला, की आपण व्यापाऱ्याला नाहीतर सरकारला बोल लावतो. पण माल घ्यायला दारात एकच जण उभा असेल तर काय होतं, आणि त्यातून बाहेर पडायचं तर नेमकं काय करावं लागतं, याचा पूर्ण धडा या एका माणसाच्या कामात मिळतो. आणि तो फक्त शेतकऱ्यापुरता नाही, शहरात पिशवी फोडून चहा करणाऱ्या माणसापुरताही आहे.

चरोतरचा मुलगा

त्रिभुवनदास यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९०३ रोजी आणंद इथला. आणंद तेव्हा खेडा जिल्ह्यात होते आणि खेडा जिल्हा मुंबई इलाख्यात. म्हणजे त्या काळी त्यांचं आणि आपलं सरकार एकच, मुंबईतलं. या भागाला चरोतर म्हणतात. जमीन कसदार, तंबाखू आणि बाजरीची शेती, आणि दावणीला म्हैस.

त्रिभुवनदास चौदा-पंधरा वर्षांचे असताना, १९१८ साली, खेडा जिल्ह्यात शेतसाऱ्याविरुद्धचा सत्याग्रह झाला. पीक बुडालेले असताना सरकार सारा वसूल करत होते. गांधीजी आणि वल्लभभाई पटेल गावोगाव फिरले. सारा भरू नका, जप्ती आली तरी एकमेकांना सोडू नका, एवढाच त्यांचा सांगावा. आजूबाजूला हे सगळं चाललेलं असताना हा मुलगा वाढला. पुढे तो गांधीजींनी सुरू केलेल्या गुजरात विद्यापीठात शिकला आणि स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरला. १९३०, १९३५ आणि १९४२ अशा तिन्ही वेळा त्यांना तुरुंगवास घडला. गावातल्या माणसांचा त्यांच्यावर जो विश्वास होता, तो या वर्षांत कमावलेला. दुधाचं काम पुढे हातात आलं तेव्हा हीच त्यांची खरी पुंजी होती.

तूप थांबतं, दूध थांबत नाही

खेड्यातला शेतकरी पूर्वी घरीच दूध विरजून, घुसळून, लोणी कढवून तूप करायचा. तूप टिकतं. भाव बरा नसेल तर चार दिवस, महिनाभर घरात ठेवता येतं. व्यापाऱ्याला नाही म्हणता येतं. दुधाचं तसं नाही. सकाळची धार संध्याकाळपर्यंत नासायला लागते. उन्हाळ्यात तर दुपारपर्यंतही धीर निघत नाही. त्यामुळे शेतकरी तूप विकायचं सोडून दूध विकायला लागला की हातात रोख पैसा येतो खरा, पण घासाघीस करायची ताकद जाते. घेणारा थांबू शकतो, विकणारा थांबू शकत नाही. दुधातली सगळी अडवणूक इथून सुरू होते.

आणंदला दूध विकत घेणारा मोठा कारखाना काढला तो पेस्तनजी एदलजी दलाल या पारशी उद्योजकाने. मुंबईत कॉफीच्या धंद्यातून ते वर आले. त्यांच्या मालाचे नाव पॉल्सन. १९३० च्या सुमारास त्यांनी आणंदला आधुनिक डेअरी उभी केली. पॉल्सनचे लोणी इतके प्रसिद्ध झाले, की जुन्या मुंबईकरांच्या बोलीत एखाद्याला मस्का लावण्याला पॉल्सन लावणे म्हणत.

या माणसाला सरसकट खलनायक ठरवणं बरोबर नाही. आणंदसारख्या ठिकाणी भांडवल घालून, यंत्रे आणून, दुधाला गिऱ्हाईक तयार करणारा तोच होता. डेअरी नसती तर त्या भागातल्या दुधाला मुंबईची वाट सापडायला आणखी वर्षे गेली असती. खरी गडबड पुढे झाली आणि ती सरकारी कागदावर झाली.

१९४५ चा हुकूम

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईची वस्ती फुगली. शहरातले गोठे, त्यातली घाण, पाणी घातलेले दूध यांनी लोक हैराण झाले होते. सरकारने ठरवले की बाहेरून स्वच्छ, पाश्चराईज केलेले दूध शहरात आणायचे. आणंद मुंबईपासून चारशे किलोमीटरहून लांब. रेल्वेने एवढ्या अंतरावरून दूध न नासता आणायचे तर ते आधी तापवून थंड करणारी डेअरी हवी. ती पॉल्सनकडे होती. १९४५ साली मुंबई दूध योजना सुरू झाली आणि आणंद भागातले दूध गोळा करून मुंबईला पाठवायचे काम सरकारने पॉल्सनला दिले. त्या भागात दूध खरेदीचा हक्कही त्यांच्याच हातात गेला.

अधिकाऱ्यांच्या बाजूने विचार केला तर हे चुकीचे वाटत नाही. एकच कंत्राटदार असला की जबाबदारी एकाची. दूध खराब निघाले तर कुणाला धरायचे ते ठरलेले. दहा जणांशी हिशोब नाही. मक्तेदारी देताना प्रत्येक वेळी हेच कारण पुढे केलं जातं, आणि त्यात तथ्यही असतं.

पण गावात काय झाले? मुंबईकडून दुधाला पैसा येत होता, तो शेतकऱ्यापर्यंत पोचत नव्हता. दूध गोळा करायला मध्ये ठेकेदार होते. दर त्यांनी ठरवायचा, माप त्यांनी घ्यायचे, दूध आंबले की नाही हेही त्यांनीच सांगायचे. शेतकऱ्याला नाही म्हणायची सोय नव्हती, कारण दुसरा घेणाराच नव्हता. कालपर्यंत निदान दोन-चार व्यापारी तरी होते, भाव पाडून का होईना, पण एकाला सोडून दुसऱ्याकडे जाता येत होतं. आता तेही गेलं.

यात शहरातल्या गिऱ्हाइकाचा फायदा झाला असता तर गोष्ट वेगळी. पण शेतकऱ्याला कमी मिळाले म्हणून मुंबईकराला दूध त्या मानाने स्वस्त मिळेलच असे नसते. मधला माणूस एकटा असला की दोन्हीकडचा फरक त्याच्याकडेच राहतो. शिवाय दर परवडेना की म्हशीची पेंड कमी होते, दूध घटते, पाणी घालायचा मोह होतो. त्याचा भुर्दंड शेवटी पेल्यातच येतो.

सरदारांकडे गेलेले शेतकरी

खेडा जिल्ह्यातली माणसे गाऱ्हाणे घेऊन वल्लभभाईंकडे गेली. वल्लभभाईंचे गाव करमसद, आणंदच्या शेजारचेच. त्यांना ही गोष्ट नवीन नव्हती. शेतकऱ्यांनी आपली सहकारी संस्था काढावी, स्वतःची डेअरी काढावी, हे ते काही वर्षांपासून सांगत होते. आताही त्यांनी तेच सांगितले, आणि त्यातला धोकाही सांगितला. तुमच्या संस्थेकडून दूध घ्यायला सरकार तयार झाले नाही तर कंत्राटदाराला दूध देणे बंद करावे लागेल, काही दिवस नुकसान सोसावे लागेल, त्याची तयारी असेल तरच पुढे या, असा त्यांचा रोख होता. शेतकरी तयार झाले. वल्लभभाईंनी मोरारजी देसाई यांना खेडा जिल्ह्यात पाठवले.

४ जानेवारी १९४६ रोजी आणंदजवळच्या समरखा गावात सभा झाली. गावोगाव दूध उत्पादकांच्या संस्था काढायच्या, त्यांचा जिल्ह्याचा एक संघ करायचा, आणि सरकारने दूध त्या संघाकडूनच घ्यावे अशी मागणी करायची असे ठरले. मागणी मान्य झाली नाही तर जिल्ह्यातला कोणीही शेतकरी कंत्राटदाराला दूध देणार नाही. या सगळ्याची प्रत्यक्ष जबाबदारी ज्यांच्यावर आली ते त्रिभुवनदास.

सरकारने मागणी मानली नाही. मग संप झाला.

पंधरा दिवस

दुधाचा संप कागदावर सोपा दिसतो. गोठ्यात तो सोपा नसतो. गिरणी बंद ठेवता येते, म्हैस बंद ठेवता येत नाही. तिला दोन्ही वेळेला पिळावंच लागतं, चारा-पेंड घालावीच लागते. दूध निघतंय, पैसा येत नाही, अशी ती अवस्था. काही दूध घरात मुरले, त्याचे तूप झाले, काही रस्त्यावर ओतले गेले. पण पंधरा दिवस कंत्राटदाराच्या भांड्यात ते गेले नाही. आणंदहून मुंबईला जाणारे दूध थांबले.

शेवटी मुंबईचे दूध आयुक्त आणि त्यांचे सहकारी आणंदला आले. परिस्थिती पाहिली आणि शेतकऱ्यांची मागणी मान्य केली.

या संपात एक गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. एकट्या शेतकऱ्याला थांबता येत नव्हते, ही त्याची अडचण होती. सगळे मिळून थांबले तेव्हा अडचण उलटी फिरली. आता मुंबईला थांबता येईना. दूध तेच, म्हशी त्याच, फक्त विकणारा एकटा राहिला नव्हता.

संप पंधरा दिवसांचा, काम वर्षांचे

संप मिटला म्हणजे मक्तेदारी संपली, असं नाही. पॉल्सनची डेअरी होती, शेतकऱ्यांकडे तर एक टाकीही नव्हती. त्रिभुवनदासांचे खरे मोठेपण इथून पुढे दिसते. ते गावोगाव हिंडले. एकेका गावात बसून समजावणे, सभासद करणे, गावच्या संस्थेची घडी बसवणे. संघाची नोंदणी १४ डिसेंबर १९४६ रोजी झाली. त्याचे नाव खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ. अध्यक्ष त्रिभुवनदास.

पण मुंबईच्या योजनेसाठी संघाचे स्वतःचे दूध पाश्चराईज होऊन जायला जून १९४८ उजाडला. म्हणजे नोंदणीनंतर दीड वर्ष. सुरुवात केवढी, तर दोन गावच्या संस्था आणि दिवसाला सुमारे २५० लिटर दूध. आज आपल्याकडचं एखादं बऱ्यापैकी संकलन केंद्र याहून जास्त दूध गोळा करतं. त्याच वर्षाच्या अखेरीस ४३२ शेतकरी दूध घालू लागले आणि दूध दिवसाला ५,००० लिटरवर गेले. यंत्रसामग्री म्हणजे आणंदच्या सरकारी क्रीमरीतली जुनी, भाड्याने घेतलेली. ती सारखी बिघडायची.

त्याच क्रीमरीत १९४९ च्या मे महिन्यात एक तरुण इंजिनिअर सरकारी नोकरीवर रुजू झाला. तोच वर्गीस कुरियन. अमेरिकेत सरकारी शिष्यवृत्तीवर शिकून आला होता, त्या बदल्यात ठरलेली नोकरी करणे भाग होते. आणंदला त्याचा जीव रमत नव्हता. शेजारच्या संघाची यंत्रे बंद पडली की त्रिभुवनदास त्याच्याकडे यायचे, तो दुरुस्त करून द्यायचा. पुढे सरकारी नोकरीतून त्याची सुटका झाली आणि तो बॅग भरायला लागला. त्रिभुवनदासांनी त्याला थोडे दिवस थांबून डेअरी मार्गी लावून देण्याची गळ घातली. तो थांबला आणि आयुष्यभर आणंदचाच झाला. १९५० मध्ये तो संघाचा व्यवस्थापक झाला.

या दोघांची जोडी का जमली, हे सहकारात काम करणाऱ्या प्रत्येकाने पाहावे. यंत्रे, नोकरभरती, बाजारपेठ यांत त्रिभुवनदास हात घालत नसत. शेतकरी सांभाळणे, गावातली भांडणे मिटवणे, राजकारणाचा वारा संघात शिरू न देणे हे त्यांनी आपल्याकडे ठेवले. ते स्वतः काँग्रेसचे पुढारी होते, पुढे राज्यसभेतही गेले. तरी संघाचा व्यवस्थापक कोण, हे त्यांनी गुणावर ठरवले. केरळहून आलेला, गुजराती न येणारा ख्रिश्चन माणूस त्यांनी पाटीदारांच्या मुलखात मुख्य जागेवर बसवला आणि त्याच्या पाठीशी उभे राहिले.

दुसरी कोंडी

आता गोष्टीचा दुसरा भाग येतो, जो सहसा सांगितला जात नाही. पॉल्सनच्या मक्तेदारीतून शेतकरी सुटले, पण त्यांच्या संघालाही गिऱ्हाईक एकच होते. मुंबई सरकारची दूध योजना.

हिवाळ्यात म्हशी भरपूर दूध देतात. पुष्टकाळात उन्हाळ्याच्या दुपटीहूनही जास्त दूध येते. मुंबईची गरज मात्र बारा महिने तेवढीच. मग हिवाळ्यात योजना म्हणायची, आम्हाला एवढेच पुरे. उरलेल्या दुधाचे काय करायचे? संघाने शेतकऱ्याला परत पाठवले तर तो पुन्हा ठेकेदाराकडे जाणार. म्हणजे खासगी मक्तेदार गेला आणि त्याच्या जागी सरकारी एकच खरेदीदार आला, एवढाच फरक. तो वाईट वागत होता असे नाही. पण एकटा होता, हेच संकट होते.

यावर त्रिभुवनदास आणि कुरियन यांनी मोर्चा काढला नाही. त्यांनी दुधाला टिकाऊ करायचे ठरवले. भुकटी आणि लोणी केले की दूध थांबू शकते. पूर्वी तूप थांबायचे तसेच, फक्त आता कारखान्यात आणि शेतकऱ्याच्या मालकीचे. अडचण अशी, की म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही असे परदेशातले जाणकार सांगत होते. कुरियनांचे सहकारी एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली. युनिसेफने यंत्रे दिली, न्यूझीलंडने कोलंबो योजनेखाली मदत केली. नव्या कारखान्याचे उद्घाटन पंडित नेहरूंनी ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी, म्हणजे सरदारांच्या जयंतीला केले.

मग लोणी बाजारात आले, अमूल नावाने. आणंद मिल्क युनियन लिमिटेडची ती आद्याक्षरे. समोर पुन्हा पॉल्सन. आणि गंमत अशी, की सुरुवातीला गिऱ्हाइकाला अमूलचे ताजे, बिनमिठाचे लोणी आवडेना. लोकांच्या जिभेला पॉल्सनच्या खारट लोण्याची सवय झाली होती. संघाला मीठ घालावे लागले, रंग बदलावा लागला. गिऱ्हाइकापुढे सहकाराचे भाषण चालत नाही, चव चालते, हे तिथे कळले. पॉल्सनवर बंदी घाला म्हणून कुणी सरकारी हुकूम आणला नाही. दुकानात दोन्ही लोणी होती, लोकांनी निवड केली आणि पॉल्सन हळूहळू मागे पडले.

रांगेत सगळे सारखे

संघाचं रोजचं काम कसं चालायचं? सकाळ-संध्याकाळ गावच्या संस्थेत दूध घालायचं. समोर माप, समोर फॅट काढायचं, त्यावर दर आणि पैसे वेळेवर. सभासदाने आणलेले चांगले दूध, थोडे असो की फार, संस्थेने घ्यायचेच. एका सभासदाला एक मत, मग म्हैस एक असो की दहा. रांगेत पाटीदार पुढे आणि दलित मागे असे नाही, जो आधी आला तो पुढे. त्या काळच्या गावात ही लहान गोष्ट नव्हती. जोडीला जनावरांचे डॉक्टर, रेतन आणि पशुखाद्य. नफा वाटून खाण्याआधी तो गोठ्याकडे वळवायचा, अशी ही रीत.

१९६३ साली त्रिभुवनदास, कुरियन आणि मुंबई दूध योजनेचे दारा खुरोडी या तिघांना मिळून रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दुसऱ्या वर्षी त्रिभुवनदासांना पद्मभूषण मिळाले. ऑक्टोबर १९६४ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री पशुखाद्य कारखान्याच्या उद्घाटनाला आले आणि अजरपुरा गावात एका रात्रीचा मुक्काम करून शेतकऱ्यांशी बोलले. आणंदसारखे काम देशभर व्हावे म्हणून १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ निघाले, आणि १९७० मध्ये दुधाचा महापूर योजना. आपल्याकडे कोल्हापूरचा जिल्हा दूध संघ, म्हणजे गोकुळ, १९६३ चा. ही सगळी त्याच काळाची हवा.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्रिभुवनदासांनी आपणहून अध्यक्षपद सोडले. तेव्हा सभासदांनी प्रत्येकी एक रुपया काढून त्यांना सहा लाखांची थैली दिली. ते पैसे त्यांनी घरी नेले नाहीत. त्यातून त्रिभुवनदास फाउंडेशन उभे राहिले, जे खेडा भागातल्या गावांत बाळंतिणी आणि लहान मुलांच्या आरोग्याचे काम करते. ३ जून १९९४ रोजी ते गेले.

मग सहकाराची मक्तेदारी चालते का?

हा प्रश्न टाळून त्रिभुवनदासांची गोष्ट संपवणं बरोबर होणार नाही. १९९१ नंतर दूध धंदा खासगी कंपन्यांना खुला झाला. १९९२ मध्ये केंद्राने दूध आणि दुग्धपदार्थ आदेश काढला. त्यात मोठ्या डेअरीला नोंदणी आणि दूध गोळा करायचा ठरलेला भाग, असे बंधन होते. सहकारी संघांना ते हवे होते. आम्ही घडवलेल्या गावांतून चांगल्या दिवसांत कंपनी दूध उचलणार, वाईट दिवसांत सोडून जाणार, ही त्यांची भीती खोटी नव्हती. पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर हुकमाने ठरलेला एक खरेदीदार, हीच १९४५ ची चाल. २००२ मध्ये भागाचे ते बंधन काढून टाकण्यात आले.

महाराष्ट्राने तर कापसात हा प्रयोग मोठ्या प्रमाणात करून पाहिला. १९७१ चा कायदा आणि १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी. व्यापारी लुटतात म्हणून फक्त पणन महासंघाने कापूस घ्यायचा. हेतू चांगला होता, आणि बाजार पडलेला असताना हमीच्या दराचा आधार विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याला मिळालाही. पण शेजारच्या राज्यात भाव चढला की इथला कापूस रात्री सीमा ओलांडायचा, तिथं पडला की तिकडचा इकडे यायचा. केंद्रावर गाड्यांच्या रांगा, चुकारे थकलेले, ग्रेड लावणाऱ्याची मर्जी. तोटा वाढत गेला आणि २००२ मध्ये एकाधिकार संपला. शेतकऱ्याचे भले करायला निघालेली मक्तेदारीसुद्धा त्याला नाही म्हणायचा हक्क देत नाही, हे तिथे दिसले.

आणंद आणि कापूस खरेदी यांत फरक कुठे आहे? दोन्हीकडे सहकार हा शब्द होता. पण आणंदला सभासद शेतकरी स्वखुशीने आला होता आणि तो मालक होता. संघाला दूध विकायला मुंबईशिवाय दुसरी वाट त्याने पैसे घालून तयार केली होती. कापसात शेतकऱ्याला कायद्याने आणून उभे केले होते आणि दर मंत्रालयात ठरत होता.

आज आपल्या तालुक्यातल्या गावांत चित्र मिश्र आहे. कुठे चार केंद्रे आहेत, कुठे एकच. एकच असेल तर ते सहकारी आहे की कंपनीचे, याने सगळा निकाल लागत नाही. पुष्टकाळात सगळे दूध घेतात का? फॅट आणि एसएनएफ समोर काढून पावती देतात का? दहा दिवसांचा पगार दहाव्या दिवशी होतो का? उचल घेतलेला शेतकरी दुसरीकडे दूध घालू शकतो का? या चार गोष्टींची उत्तरे हिशोबाच्या वहीत सापडतात, भाषणात नाही.

आणि संस्था सहकारी असेल तर पाचवा प्रश्न सभासदाने स्वतःला विचारायचा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. आपल्या संस्थेची यंदाची सभा कधी झाली, तिथं ताळेबंद वाचला गेला का, आणि आपण हजर होतो का? समरखाच्या सभेला गावं हजर होती, म्हणून पुढचं सगळं झालं. त्रिभुवनदासांनी नंतरची पंचवीसेक वर्षे जे केलं ते याच कामाचं पुढचं पाऊल होतं. लोकांना सभेला आणायचं, हिशोब त्यांच्यापुढे मांडायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दूध मोजायला बसायचं.